वाशिष्ठीच्या पाण्यातला काळा कार्बन

आमच्या गावाकडे उन्हाळ्यात राब भाजतात. पहिल्या पावसात तो कोळसा ओढ्यातून नदीत जाताना लहानपणापासून बघितलाय. समुद्राला मिळाल्यावर त्याचं काय होतं, हे बघायला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी वाशिष्ठीची खाडी घेतली, चिपळूणपासून दाभोळपर्यंत. कोयनेच्या वीजघरांचं पाणी वाशिष्ठीत सुटतं, त्यामुळे ऐन मे महिन्यातही वरच्या अंगाला गोडं पाणी मिळतं.

जळण्यातून उरणाऱ्या या कोळशाला आणि काजळीला काळा कार्बन म्हणतात. त्याचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात आणि चिखलात बसतात. पण काळ्या कार्बनचा एक भाग पाण्यात विरघळलेला असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. जगभरच्या नद्या वर्षाला सुमारे २.६५ कोटी टन असा कार्बन समुद्रात नेतात, असा २०१३ सालचा अंदाज आहे. मला मोजायचा होता तो हा.

ओहोटीला होडीतून सात ठिकाणचं पाणी घेतलं. ४५० अंशांवर भाजलेल्या काचतंतूंच्या फिल्टरमधून ते गाळलं, आम्ल घालून सामू २ वर आणला आणि काडतुसातून, म्हणजे सेंद्रिय पदार्थ धरून ठेवणारी भुकटी भरलेल्या छोट्या नळीतून, थेंबथेंब सोडलं. सेंद्रिय पदार्थ आत अडकतात, मीठ पुढे निघून जातं. उरलंसुरलं मीठ आम्लाच्या पाण्याने धुऊन काढलं, मग अडकलेलं सगळं मिथेनॉलने उतरवलं.

पुढची पायरी धोक्याची. मिथेनॉल पूर्ण उडवून सुक्या अंशावर नायट्रिक आम्ल घालायचं, काचेची नळी वितळवून बंद करायची आणि १७० अंशांवर नऊ तास ठेवायची. पहिल्या खेपेला मी घाई केली. एका नळीत मिथेनॉल राहिलं होतं, ती भट्टीतच फुटली. भट्टीचं दार बंद होतं म्हणून कुणाला लागलं नाही, पण तीन ठिकाणचे नमुने गेले. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: मिथेनॉल उडालं असं वाटलं, तरी आणखी एक तास थांबा.

दाभोळला पुन्हा जाऊन पाणी आणलं. आम्लाने मोठे रेणू तुटून बेन्झिनची छोटी आम्लं उरतात, ती एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजली; त्यांवरून काळा कार्बन किती होता ते कळतं. अपेक्षेप्रमाणे क्षारता वाढत गेली तसा काळा कार्बन कमी होत गेला. पण मुखाजवळच्या दोन ठिकाणी तो नुसत्या पाण्याच्या मिसळण्याने व्हावा त्याहून कमी निघाला. म्हणजे वाटेत कुठेतरी तो नाहीसा होत होता. गाळाला चिकटून, की उन्हाने?

साधी काच उन्हातले जास्त ऊर्जेचे अतिनील किरण बरेचसे अडवते, म्हणून क्वार्ट्झच्या दोन कुप्या मागून आणल्या. दोन्हींत गाळलेलं पाणी भरलं, एक फॉइलमध्ये गुंडाळली, आणि दहा दिवस गच्चीवर ठेवल्या. झाकलेल्या कुपीत फारसा फरक पडला नाही. उघड्या कुपीतला काळा कार्बन स्पष्ट घटला. ज्याला आपण शतकानुशतकं टिकणारा समजतो, त्यातलाही काही भाग ऊन असं तोडतं, हे आकडे बघताना अंगावर काटा आला.

गाळाचा वाटा अजून तपासायचा आहे. पहिल्या पुराचं गढूळ पाणी गाळून शीतकपाटात ठेवलंय, ते आता काढणार आहे.