हात वाकतो की कॅमेरा वाकवून दाखवतो?

माझा भाचा टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करतो. गेल्या हंगामात एका स्पर्धेत पंचांनी त्याला फेकी, म्हणजे चेंडू टाकण्याऐवजी फेकणारा ठरवून नो-बॉल दिला आणि तेव्हापासून वाडीत एकच विषय: याचं कोपर वाकतं. मोबाइलवरचे व्हिडिओ पुरावा म्हणून इकडून तिकडे फिरायला लागले. मी ते थांबवून थांबवून पाहिले. हात जिथे दिसायला हवा तिथे नुसता पुसट पट्टा होता. अशा चित्रावरून कोणाच्या कोपराचा निवाडा करणं हा त्या पोरावर अन्याय आहे, म्हणून चित्रीकरण मी स्वतः करायचं ठरवलं.

आधी नियम समजून घेतला. २००५ पासून आयसीसीची मर्यादा अशी आहे की, हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. कोपर वाकलेलं असलं तर चालतं. वाकलेलं कोपर टाकताना झटक्यात सरळ झालं तर चालत नाही. मुथय्या मुरलीधरनचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हतं, हे अनेकांना आठवत असेल. म्हणजे मला दोन क्षण स्वच्छ हवे होते: हात आडवा असतानाचा आणि चेंडू सुटतानाचा. अंशांचा पक्का आकडा काढायला प्रयोगशाळेत अनेक कॅमेरे एकदम लावतात. माझ्याकडे एक मिररलेस कॅमेरा, ५० मिमीची लेन्स आणि सेकंदाला २४० फ्रेम घेणारा मोबाइल. आकड्याच्या मागे मी लागलोच नाही. हात जसा आहे तसा दिसावा, एवढंच हवं होतं.

स्लो मोशन म्हटलं की सगळे आधी फ्रेमचा आकडा विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न शटरचा आहे, म्हणजे एक फ्रेम टिपायला ते किती वेळ उघडं राहतं याचा. हिशेब सोपा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला साधारण २८ मीटर जातो. शटर १/५०० सेकंद असेल तर एका फ्रेममध्येच तो साडेपाच सेंटीमीटर सरकतो. टेनिस बॉलचा व्यास जेमतेम साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे चेंडू जवळजवळ दुप्पट लांब दिसणार आणि मनगटाचीही तीच गत. १/२००० ला हे सरकणं दीड सेंटीमीटरच्या आत येतं. सिनेमावाले फ्रेमच्या दुप्पट शटर ठेवा म्हणतात, २४० फ्रेमला १/४८०. डोळ्यांना ते गोड वाटतं, पण आपल्याला एकेक फ्रेम थांबवून बघायची असते, तिथे हा नियम सोडावा. गोल्फचा स्विंग टिपणारेही असंच शटर वर नेतात, कारण ड्रायव्हर या गोल्फच्या काठीचं डोकं ताशी १६० किलोमीटरपर्यंत सहज जातं.

मोबाइलचं नेहमीचं स्लो मोशन शटर स्वतःच ठरवतं. ते हातात घेऊ देणारं ॲप टाकलं आणि १/२००० वर बांधून ठेवलं. भाच्याला बिनबाह्यांचा बनियन घालायला लावला आणि खांदा, कोपर, मनगट तिन्हीकडे औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावली. १/५०० ला मनगटावरच्या पट्टीची रेघ व्हायची. १/२००० ला तिच्या कडा दिसल्या, एका कोपऱ्यात सुटलेला दोरासुद्धा.

एवढ्या शटरला उजेड भरपूर लागतो आणि तो आपल्या किनाऱ्याला आहे. गुहागरचा किनारा उत्तर-दक्षिण, समोर पश्चिम. भाचा उजव्या हाताने टाकतो. त्याला उत्तरेकडून दक्षिणेकडे धावायला लावलं की टाकणारा हात समुद्राकडे येतो. मी पाण्याकडे उभा राहिलो की दुपारनंतरचं ऊन माझ्या पाठीमागून थेट त्या हातावर, आणि त्याच्यामागे सुरूच्या बनाची गडद पार्श्वभूमी. मात्र त्यासाठी पाणी मागे गेलेलं हवं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा जुना हिशेब इथे कामाला आला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. वाळू ओली, कडक आणि रुंद. अष्टमीला त्याच वेळी भरती असते, तेव्हा ट्रायपॉड लावायला जागाच नसते.

कॅमेऱ्यावर लेन्सचं भोक एफ/४, शटर १/२०००, उजेडाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ४००. ऊन कडक असताना आयएसओ १०० च्या जवळ आणला. अंतर पंधरा मीटर. माझ्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) ५० मिमीने तिथून सात मीटरची रुंदी मिळते, शेवटचं पाऊल आणि चेंडू सुटणं दोन्ही मावतं. जवळून वाइड लेन्सने घेतलं तर कडेचे हातपाय ताणले जातात, म्हणून लांब उभं राहणं चांगलं. काही कॅमेरे सेकंदाला १२० फ्रेम घेताना चित्राच्या कडा कापतात, ते आधी तपासून घ्यावं. फोकस हाताने क्रीजवर लावून तसाच ठेवला. एफ/४ ला दहा मीटरपासून पार पंचवीसच्या पुढेपर्यंत स्पष्ट राहतं, त्यामुळे ऑटोफोकसची गरजच नव्हती. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यापुढची. मोबाइल काय, बहुतेक कॅमेरे काय, सेन्सर एकदम वाचत नाहीत, ओळीओळीने वाचतात. त्या वेळात हात पुढे गेलेला असतो, म्हणून सरळ हातही वाकडा दिसू शकतो. गोल्फच्या व्हिडिओत काठी धनुष्यासारखी वाकलेली दिसते ती यामुळेच. शटर कितीही वेगवान ठेवलं तरी हा दोष जात नाही. इथे मात्र फ्रेमचा आकडा मदतीला येतो: २४० फ्रेमला सेन्सरला आपलं वाचन सव्वाचार मिलिसेकंदांच्या आत उरकावंच लागतं, त्यामुळे वाकणं कमी होतं.

कॅमेरा आडवा असताना ओळी आडव्या असतात, म्हणून खांद्याच्या पातळीला आडवा झालेला हात जवळजवळ एकाच क्षणी वाचला जातो. तीच फ्रेम विश्वासाची. चेंडू सुटताना हात उभा असतो, त्याच्यासाठी मोबाइल उभा धरायचा. मी दोन्ही प्रकारे घेतलं आणि प्रत्येक क्षणासाठी त्या त्या पद्धतीने धरून घेतलेली फ्रेम निवडली. भाचा शेजारी बसून बघत होता. “मामा, तोच बॉल ना हा? मग त्या व्हिडिओत एवढा वाकडा कसा दिसतो?” त्याला मोबाइल फिरवून दाखवलं तेव्हा पटलं.

रात्रीच्या सामन्यांत हे जमत नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि २४० फ्रेमला चित्र लुकलुकतं. चांगल्या एलईडीवर हा त्रास नसतो, पण गावच्या मैदानात कोणते दिवे असतील याचा भरवसा नाही.

घरी किनोव्हिया या मोफत प्रोग्रॅममध्ये पट्टीवरून पट्टीवर रेघा ओढल्या. भाच्याचं कोपर हात आडवा असतानाच थोडं वाकलेलं आहे आणि चेंडू सुटेपर्यंत जवळजवळ तसंच राहतं. फ्रेम छापून त्याच्या प्रशिक्षकांना नेऊन दिल्या. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिल्या आणि म्हणाले, एका बाजूने खांद्याचं फिरणंही कोपराचं वाकणं वाटू शकतं, समोरूनही हवं. बरोबर आहे त्यांचं. पुढच्या अमावस्येला फलंदाजाच्या यष्टींच्या मागून, ८५ मिमीने घेणार आहोत. तिथे वारा तोंडावर असतो, म्हणून लेन्सवर साधा काचेचा फिल्टर लावायचा आणि खाऱ्या तुषारांसाठी ओलं फडकं खिशात ठेवायचं. कोरड्याने पुसलं तर मीठ आणि वाळू काचेवर घासते.