सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवर मूनडॉगच्या मात्रा मोजत

मूनडॉग या अंध संगीतकाराच्या मागावरची मॅनहॅटनमधली ही फेरी कार्नेगी हॉल या संगीतसभागृहाच्या मागच्या अंगानं, 56व्या रस्त्यावरच्या कलाकारांच्या दारापासून सुरू करावी. सबवेच्या एन, क्यू, आर आणि डब्ल्यू गाड्या 57 स्ट्रीट–सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूला थांबतात. तिथून वर आलं की हॉल लगतच आहे.

1943 साली न्यूयॉर्कला आलेला लुई हार्डिन, म्हणजे पुढचा मूनडॉग, याच दाराशी उभा राहायचा. 1932च्या 4 जुलैला, सोळाव्या वर्षी, सुरुंगाचं डेटोनेटर हातात फुटून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. पुढे आयोवातल्या अंधशाळेत तो ब्रेलमधून संगीत शिकला. न्यूयॉर्क फिलहार्मनिकचे संचालक आर्तुर रॉजिन्स्की यांनी त्याला तालमींना बसू दिलं. 1947मध्ये त्यानं मूनडॉग हे नाव घेतलं, चंद्राकडे तोंड करून रडणाऱ्या जुन्या कुत्र्याच्या आठवणीखातर.

आता एक लांब चौक (दोन रस्त्यांमधला टप्पा, म्हणजे ब्लॉक) पूर्वेला आणि दोन छोटे चौक दक्षिणेला. मॅनहॅटनमधला छोटा चौक साधारण 80 मीटरचा, त्यामुळे दहा मिनिटांत 54व्या रस्त्याचा कोपरा येतो. रस्त्याच्या पाटीवर ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ दि अमेरिकाज’ असेल तरी गोंधळू नका, तीच सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू. शिंगांचं शिरस्त्राण, अंगावर झगा, हातात भाला अशा वेशात मूनडॉग वर्षानुवर्षं इथं उभा असे आणि आपल्या कविता, छापील स्वरलिपी विकत असे. त्याला भिकारी समजून पुढे गेलेल्यांची मला खरंच हळहळ वाटते.

इथं कानाला त्याचं संगीत लावा, पण आवाज बंद करणारे हेडफोन नकोत. हॉर्न, पावलं, गाड्यांची घरघर ऐकू यायलाच हवी; 1950च्या दशकातल्या त्याच्या रेकॉर्डिंग्जमध्ये रस्ताही वाजतो. आधी 1969च्या अल्बममधलं ‘बर्ड्स लॅमेंट’ घ्या. ‘बर्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या आठवणीत केलेली ही रचना दोन मिनिटांचीही नाही. खालचा बास तोच तो फिरत राहतो आणि वर सॅक्सोफोन रडतो. मग 5 आणि 7 मात्रांच्या रचनांकडे वळा. रूपक किंवा झपताल अंगात मुरलेला असेल तर 3-2-2 किंवा 2-3 असे गट करून पाहावेत. चालत ऐकलं की गंमत कळते: पाच मात्रांत सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकदा डाव्या पावलावर येते, पुढच्या आवर्तनात उजव्या. बहुतेकांचं चुकतं ते इथंच, पाय सहावी मात्रा भरून काढतात. पावलं सारखी ठेवा, सम जिथं पडेल तिथं पडू द्या. ट्रिंबा हे त्याचं स्वतः घडवलेलं त्रिकोणी तालवाद्य; एका हातात माराका, दुसऱ्यात लाकडी दांडी.

त्याचे कष्ट खरे कळतात ते ब्रेल स्वरलिपी पाहिल्यावर. सहा टिंबांपैकी वरची चार स्वर सांगतात, खालची दोन त्याची लांबी. डोळस संगीतकाराला ऑर्केस्ट्राची सगळी वाद्यं पानावर एकाखाली एक दिसतात. बोटाखाली मात्र एका वेळी एकच ओळ येते. एकच चाल ठरावीक अंतरानं दुसऱ्या, तिसऱ्या आवाजात सुरू होणारे कॅनन तो रचायचा, म्हणजे बाकीच्या ओळी डोक्यात धरूनच. शिवाय वादकांसाठी सगळं स्वर-स्वर सांगून डोळस माणसाकडून उतरवून घ्यायचं, आणि नक्कल करणाऱ्याला पैसेही मोजायचे.

ही अडचण सुटली ती जर्मनीत. 1974मध्ये कार्यक्रमासाठी गेलेला मूनडॉग तिथंच राहिला. एका तरुण विद्यार्थिनीच्या कुटुंबानं त्याला ओअर-एर्केन्श्विक गावी घरात घेतलं आणि तीच त्याची ब्रेलमधली रचना नोटेशनमध्ये उतरवू लागली. 8 सप्टेंबर 1999ला म्युन्स्टर शहरात तो वारला. तिथल्या त्सेंट्रालफ्रीडहोफ या दफनभूमीत त्याची कबर आहे, चित्रकार अर्न्स्ट फुक्स यांनी केलेली.