आमची वाटचाल : टेबलावरचा शर्ट

२००६ साली कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही तिघांनी ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बनवायला सुरुवात केली. तयार प्लेटी आणायच्या, घासायच्या, जोडायच्या, ॲसिड भरून चार्जिंगला लावायच्या. हळूहळू गिऱ्हाईक वाढलं. सांगायचं आहे ते २०११च्या पावसाळ्याबद्दल.

चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते. त्या रात्री पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद होत्या. एक्झॉस्ट फॅन बिघडलेला होता आणि दुरुस्ती मीच पुढे ढकलली होती. कामावरच्या पोरानं चार्जर चालू असतानाच क्लिप काढली, ठिणगी पडली. बॅटरी फुटून ॲसिड उडालं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मानेवर, हातांवर वीस मिनिटं नळाचं पाणी सोडलं.

आवाजानं मागच्या वस्तीतली माणसं गेटवर जमली. मी म्हणालो, "काही नाही, टायर फुटला."

तिसऱ्या दिवशी त्या पोराची आई आली. पिशवीतला शर्ट काढून तिनं माझ्या टेबलावर पसरला. धुतल्यावर त्याची पार चाळण झाली होती. "दादा, टायर फुटून असं होतंय व्हय?"

मला मान वर करवेना. शिवाय हे कपडे ती रोज घरी धूत होती. प्लेटी घासताना उडणारी शिशाची धूळ आम्ही कामगारांच्या घरोघरी पोचवत होतो, तान्ही पोरं असलेल्या घरांतसुद्धा. पोरांच्या मेंदूला शिसं फार घातक, थोडंही चालत नाही.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक काम असेल तर धोका कामगारांनाच नव्हे, आसपासच्या लोकांनाही सांगायचा, असं त्यात होतं. हे मला ठाऊक होतं, पण कागदावरचं म्हणून सोडून दिलं होतं.

त्याच आठवड्यात वस्तीला शेडमध्ये बोलावलं. आधी टायरचं खोटं कबूल केलं. मग चार्जिंगची खोली दाखवली. ॲसिडचं पाणी कुठं जातं, हा पहिला प्रश्न आला. चुना टाकून ते कसं मारतो, हे टाकीपाशी नेऊन दाखवलं. लोक चिडले, बोलले, ऐकून घेतलं.

आता पंखा चालू झाल्याशिवाय चार्जर चालूच होत नाही. शेडमध्ये चहा-डबा बंद. कपडे इथंच धुतले जातात, आंघोळ करूनच घरी जायचं. रक्तातलं शिसं ठरावीक काळानं तपासतो, रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात देतो.

यंदा स्वतःची शेड बांधतोय. नकाशात न्हाणीघर आधी काढलं. पाया खणण्याआधी तो नकाशा त्या मावशींना दाखवून आलो.