असिंक पायथनमध्ये इन्सर्ट होतो, पण नोंद दिसत नाही

प्रोग्रॅमने एरर दिली नाही, लॉगमध्ये सारे सुरळीत दिसते आणि तरीही टेबलात नवी नोंद नाही, अशी तक्रार आली की कोड उघडण्याआधी मी एकच गोष्ट पाहतो: इन्सर्ट (नवी नोंद घालण्याची आज्ञा) डेटाबेसपर्यंत पोहोचलाच नाही, की पोहोचूनही कमिट झाला नाही, म्हणजे कायमचा नोंदवला गेला नाही? दोन्हींची कारणे निराळी असल्यामुळे, हे ठरण्याआधी कोडमध्ये जागोजागी कमिट पेरत बसण्यात अर्थ नसतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हा माग काढणे तुलनेने सोपे असते. आपोआप वाढणारा आयडी सीक्वेन्समधून, म्हणजे पुढचा आकडा देणाऱ्या गणकातून, येतो आणि सीक्वेन्सने एकदा दिलेला आकडा, ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट होणाऱ्या कामांचा गट) रोलबॅक झाले, म्हणजे मागे घेतले गेले, तरी परत घेतला जात नाही. त्यामुळे आयडी 41 नंतरची पुढची नोंद थेट 45 असेल, तर मधले इन्सर्ट बहुधा डेटाबेसपर्यंत गेले होते. आकड्यांत खंड नसेल, तर संशयाची सुई अवेटकडे, म्हणजे असिंक काम पुरे होण्याची वाट पाहायला सांगणाऱ्या शब्दाकडे, वळवावी. एसक्यूलाइटमध्ये मात्र ही खूण उपयोगाची नाही, कारण तिथे रोलबॅकनंतर तोच आकडा पुन्हा वापरला जातो.

अवेट न लावता असिंक फंक्शन (मध्येच थांबून इतर कामांना वाट देऊ शकणारे) बोलावले, तर केवळ कोरूटीन, म्हणजे अजून न चाललेल्या कामाचा ऑब्जेक्ट, तयार होते. त्याच्या आतली एकही ओळ चालत नाही. पायथन ‘नेव्हर अवेटेड’ अशी वॉर्निंग देतो, पण प्रोग्रॅम थांबत नाही आणि सर्व्हरच्या लॉगच्या गर्दीत ती सहज नजरेआड होते. पायथनच्या असिंकआयओ लायब्ररीचा डिबग मोड सुरू केल्यास ते कोरूटीन नेमके कुठे तयार झाले, हेही वॉर्निंगसोबत कळते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे इन्सर्टला अवेट आहे, पण कमिटला नाही. त्याच कनेक्शनवरून लगेच सिलेक्ट केले तर नोंद दिसते, टेस्टही पास होते. दुसऱ्या कनेक्शनवरून पाहावे तर काहीच नाही. कनेक्शन उघडे असेपर्यंत, पोस्टग्रेसच्या चालू कनेक्शनांची यादी देणाऱ्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये ते ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडे, पण काम थांबलेले) दाखवत राहते आणि ही खूण मला कोणत्याही प्रिंटपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

ड्रायव्हर, म्हणजे पायथनला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी, बदलताना विशेष सावध राहावे लागते. असिंकपीजीमध्ये ट्रान्झॅक्शन स्वतः उघडले नसेल, तर प्रत्येक इन्सर्ट आपोआप कमिट होतो. सायकोपीजी 3 मध्ये मात्र पहिल्याच क्वेरीबरोबर ट्रान्झॅक्शन सुरू होते आणि कमिटची वाट पाहते. त्यामुळे पहिल्यावर बिनबोभाट चालणारा कोड दुसऱ्यावर आणला, की नोंदी गायब होऊ लागतात.

एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीचे एकच असिंकसेशन (डेटाबेसशी चालणारा एक संवाद) गॅदरमधल्या, म्हणजे एकाच वेळी चालवलेल्या, अनेक टास्कना वाटून देणे हेही बरेचदा दिसते. एका सेशनवर एकाच वेळी दोन कामे चालत नाहीत; प्रत्येक टास्कला स्वतंत्र सेशन द्यावे. टाइमआउटमुळे टास्क रद्द झाला, तर पायथन 3.8 पासून कॅन्सल्डएरर साध्या ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’मध्ये पकडली जात नाही, म्हणून त्या ब्लॉकमध्ये लिहिलेले लॉगिंगही चालत नाही आणि सेशन बंद होताना इन्सर्ट निमूटपणे रोलबॅक होतो.

याउलट, कमिटनंतर लगेच ऑब्जेक्टचा एखादा गुणधर्म वाचताना ‘मिसिंगग्रीनलेट’ ही एरर आली, तर कमिटवर शंका घेऊ नये. नोंद टेबलात गेलेली असते. कमिटनंतर ऑब्जेक्टमधली माहिती कालबाह्य ठरवली जाते आणि ती पुन्हा आणण्याची क्वेरी अवेटविना चालू शकत नाही, एवढाच तो अडथळा आहे. सेशन तयार करताना ‘एक्स्पायर ऑन कमिट’ हा पर्याय फॉल्स ठेवला की तो दूर होतो.