रात्री दोनची हजेरी

समितीचं पत्र आलं तेव्हा मी वर्कशॉपमध्ये एका होडीचा गिअरबॉक्स उघडून बसलो होतो. हात ऑइलने माखलेले, म्हणून मुलाला म्हटलं, तूच वाच. ‘शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी या नात्याने आपलं मनोगत’ एवढं त्याने वाचलं आणि मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी लिहिणारा माणूस नाही. पण शाळेने मागितलं आणि नाही म्हटलं, असं माझ्या हातून व्हायचं नाही.

शाळेचा आणि मिशनचा इतिहास स्मरणिकेत दुसरं कुणीतरी माझ्यापेक्षा नीट लिहील. १८२३ साली स्कॉटलंडचे मिशनरी बाणकोटला आले, मग हर्णैला. पुढे ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि मराठी शिकायला हर्णैला राहिले. हे बाई आम्हाला फार अभिमानाने सांगायच्या. ‘एवढा मोठा पंडित, पण बाराखडी तुमच्या बंदरावर गिरवली त्यांनी. आणि तुम्हाला शुद्धलेखनाचा कंटाळा!’

आपल्या शाळेत बाई पुष्कळ झाल्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोणत्या, हे बोर्डिंगमध्ये राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पाचवी ते सातवीला मराठी शिकवायच्या आणि रात्री बोर्डिंग सांभाळायच्या. मूळच्या नगरकडच्या. भात खाऊन पोट भरलं असं त्यांना कधी वाटलंच नसावं. नगरहून कुणी आलं आणि बाजरीचं पीठ आणलं की त्या दिवशी स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज यायचा आणि बाई गुणगुणायच्या. त्या म्हणायच्या, ‘कवी टिळक तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. करजगावला जन्मले आणि आमच्या नगरला येऊन राहिले. त्यांच्या बदल्यात मी इकडे आले.’

मी आलो १९८१च्या जूनमध्ये, अकरा वर्षांचा असताना, रिमांड होममधून. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. एका ऑक्टोबरात गेले ते आलेच नाहीत. आई मुंबईला गेली. मी बंदरावर राहायला लागलो आणि होड्यांच्या इंजिनांचे पितळी कॉक काढून भंगारवाल्याला विकायला लागलो. सापडलो. माझ्या कागदावर काय काय लिहिलं होतं ते मला माहीत होतं, कारण तो कागद घेऊन आलेल्या शिपायाने तो हेडमास्तरांसमोर मोठ्याने वाचला. बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तेवढंच विचारलं, ‘जेवला का हा?’

आता जे लिहितोय ते आजवर बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. मी रात्री अंथरूण ओलं करायचो. वडील गेल्यापासूनच. रिमांड होममध्ये त्यासाठी मार खाल्ला होता. इथे पहिल्याच रात्री तेच झालं. पहाटे अंधारात मी गोधडीची घडी करून ती पोटाशी धरून बसलो होतो. बाई आल्या, गोधडी माझ्याकडून काढून घेतली आणि घंटा व्हायच्या आत विहिरीवर धुऊन टाकली. पावसात ती वाळणार कशी? स्वयंपाकघरात चुलीच्या धगीवर धरून वाळवली. रात्री माझ्या अंथरुणाला धुराचा वास येत होता. शेजारच्या पोराने विचारलं, तर बाईच म्हणाल्या, ‘ढेकूण झाले होते, धुरी दिली.’

दुसऱ्या रात्रीपासून त्या मला दोन वाजता उठवायला लागल्या. खांद्यावर हात. ‘ऊठ लेकरा.’ बाकी शब्द नाही. एका हातात कंदील, दुसऱ्यात काठी. मागच्या दाराने बाहेर पडलं की ती पाखाडी, दगडी पायऱ्यांची उतरती वाट. पावसाळ्यात तिच्या चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं असायचं आणि फुरशांची भीती. बाई पुढे काठी आपटत जायच्या, मी त्यांच्या पदराचं टोक धरून मागे. खाली पोचलं की कंदील माझ्या हातात द्यायच्या, म्हणजे मला भीती वाटू नये, आणि स्वतः काळोखात वर पायरीवर जाऊन बसायच्या, डोक्यावर छत्री धरून. पाऊस, वारा, आजारपण, काही असो. आठ महिने. एकही रात्र चुकली नाही. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलंय आणि आठ महिने रोज दोनला उठणं म्हणजे काय हे मला आता कळतं.

श्रावणातली गोष्ट. पाऊस जरा ओसरला होता, त्यामुळे बाई पायरीवर काहीतरी बोलतायत हे ऐकू आलं. वाटलं, कुणी आलंय. मी कंदील खाली ठेवून कान दिला. नावं होती. आमची. ‘प्रभू’ एवढं म्हणायच्या आणि मग एकेक नाव, वडिलांच्या नावासकट, हजेरीपटाच्या क्रमाने. नावापुढे मागणं काही नाही. बेचाळीस नावं झाली. मला वाटलं संपलं. पण बाई पुढे बोलतच राहिल्या. आणखी पाच-सहा नावं आली. त्यातलं एक माझ्या ओळखीचं होतं. आषाढात पळून गेलेल्या एका मुलाचं. त्याच्या नावावर हेडमास्तरांनी तांबड्या शाईने रेघ मारलेली मी स्वतः पाहिली होती.

बरेच दिवस हे मनात ठेवलं. मग एका दुपारी बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा धीर करून विचारलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. निवडता निवडता सांगितलं. त्यांची आजी १८९६-९७च्या मोठ्या दुष्काळातली. मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी ज्या मुली केडगावला आणल्या त्यांतली एक. आठ-नऊ वर्षांची असेल. गाव सांगता येईना, आईबापांचं नाव येईना, स्वतःचं नावही उपासाने विसरली होती. ‘तिथे तिला एक नाव दिलं आणि रोज त्या नावाने हाक मारली. कितीतरी दिवस ती ओ देईना. तरी हाक मारायचं सोडलं नाही. म्हणून आम्ही आहोत.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुझ्या हाताला लागले का खडे? दे इकडे.’

मी त्यानंतरही पळालो. हे लिहायलाच हवं. गणपतीच्या सुट्टीनंतर एका मोठ्या मुलाला माझी गोष्ट कळली आणि त्याने ती भर वर्गात सांगितली. मी पाटी त्याच्या कपाळावर घातली. रक्त पाहिलं आणि खिडकीतून उडी मारून बंदर गाठलं. अकरा दिवस उपड्या होडीखाली झोपलो, लिलावाच्या जागी सांडलेली मासळी भाजून खाल्ली. शेवटी वडिलांच्या ओळखीच्या एका नाखवांनी दंडाला धरून वर आणून सोडलं. बाईंनी मला एक अक्षर विचारलं नाही. आंघोळ घातली, जेवायला वाढलं. रात्री दोन वाजता खांद्यावर हात. ‘ऊठ लेकरा.’

खाली पोचल्यावर मी लघवी बाजूला ठेवून आधी कान दिला. आता मी कुठे असेन? बेचाळिसांत, की रेघ मारलेल्यांत? सतरावं नाव झालं, आणि अठरावं माझं. जिथे होतं तिथेच. मी किती वेळ तिथे उभा राहिलो माहीत नाही. बाईंनी वरून हाक मारली, ‘झालं का रे?’

ज्याचं कपाळ फोडलं होतं त्याच्या जखमेला रोज सकाळी मलम लावायचं काम बाईंनी मला दिलं. पहिले दोन दिवस त्याने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी ‘हळू लाव’ म्हणाला. आज त्याच्या होडीचं इंजिन माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

रविवारी उपासनेत बाई बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या. हरवलेल्या मेंढराची सांगताना पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं, की आम्हा किनाऱ्यावरच्या पोरांना मेंढरांचं काही वाटत नाही. त्या नगरच्या, त्यांना धनगर माहीत. पुढच्या वर्षी त्यांनी ती बदलली. शंभर होड्या गेल्या, नव्व्याण्णव बंदराला लागल्या. नाखवा काय करेल? पोरं ओरडली, मशाल घेऊन पुळणीवर जाईल. ‘आणि सकाळपर्यंत नाही आली तर?’ कुणी काही बोललं नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण माझ्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या, गोष्ट संपेपर्यंत.

मी ख्रिस्ती झालो का, असं मला आजही लोक विचारतात. नाही. बाईंनी कधी तसं सुचवलंसुद्धा नाही. माझ्या घरी गणपती बसतो. नाताळला दाराशी चांदणीही लागते, बाईंनी शिकवली तशी, बांबूच्या कामट्यांची. ज्यांना घर नव्हतं अशा आम्हा चौघांना गणपतीत बाई वाडीवर दर्शनाला घेऊन जायच्या आणि अंगणात थांबायच्या. देवावरचा विश्वास म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं नसतं. ज्याच्यावर कुणाचा विश्वास नाही अशा पोरासाठी ती बाई भर पावसात रोज देवाशी बोलत होती, तेवढं मात्र मी या कानांनी ऐकलं.

फेब्रुवारीत माझा त्रास थांबला. बाईंनी उठवणं बंद केलं. पण दोनला जाग यायचीच. मग पडल्या पडल्या खिडकीतून कंदील पाखाडीने उतरताना दिसायचा. मागे दुसरं कुणी लहानगं, पदर धरून.

१९८७ साली दहावी झालो. आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं, १९९६मध्ये बंदरावर स्वतःचं वर्कशॉप टाकलं. आज सात जण कामाला आहेत. मच्छीमार सोसायटीने सत्कार केला तेव्हा बाईंचा फोटो टेबलावर ठेवूनच श्रीफळ घेतलं. सातांपैकी तिघे बालगृह-निरीक्षणगृहातून आलेले. कागदावर त्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणायचे. २०१५च्या कायद्याने अशा मुलाची ओळख छापायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे, म्हणून त्यांची नावं इथे लिहीत नाही. रात्री घेतो.

बोर्डिंग बंद झालं याचं दुःख मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. नियम कडक झाले, पैसे कमी पडले, मुलं कमी झाली, कारणं मला ठाऊक आहेत. आता शाळेच्या दाराशी सकाळी सहा-सात व्हॅन उभ्या असतात, निकाल शंभर टक्के लागतो, आनंदच आहे. पण मी ज्या कागदासकट आलो तसला कागद घेऊन आज एखादं पोर आलं तर ते कुठे झोपेल?

बाई निवृत्त होऊन नगरला गेल्या. मी दोनदाच जाऊ शकलो. शेवटच्या नाताळचं त्यांचं कार्ड आलं होतं. हंगाम चालू होता, इंजिनांची रांग लागली होती, उत्तर लिहायचं राहिलं. फेब्रुवारीत त्या गेल्या. मला कळलं तेव्हा मूठमाती होऊन चार दिवस झाले होते.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात बोर्डिंगची कौलं उडाली आणि मागचा हापूस पाखाडीवर आडवा झाला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. आता तिथे नवीन इमारत होणार असं पत्रात लिहिलंय. समितीला हात जोडून विनंती, पाखाडीला सिमेंट घालू नका. तिच्या तेवीस पायऱ्या आहेत. वरून सहावी बाईंची, उजव्या कडेला थोडी झिजलेली. ती तशीच राहू द्या. तिच्याजवळ एक खांब उभा करा आणि रात्रभर जळेल असा दिवा लावा. खांबाचा खर्च आणि दरमहा विजेचं बिल वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवा.