अण्णा म्हणाले, जुना नंबर शोध

आमच्या घरामागे सेप्टिक टँक आहे आणि त्याचं झाकण कुठे आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. तिथून पुढे सांडपाणी जमिनीत जिरवायला पुरलेले पाइप कुठल्या बाजूला गेलेत, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. सासू-सासरे दरवर्षी सहा महिने आमच्याकडे कॅलिफोर्नियात येतात, म्हणून मागे दोन खोल्यांचं छोटं घर बांधायचं ठरलं. डिझायनर म्हणाला, आधी सेप्टिकचा जुना नकाशा आणा, नाहीतर अंगण खणून पाइप शोधावे लागतील.

पत्त्यात शहराचं नाव आहे, म्हणून मी शहराच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी पत्ता टाइप केला आणि म्हणाल्या, हे घर आमच्या हद्दीतच नाही. पत्त्यातलं नाव हे फक्त टपाल वाटणाऱ्या पोस्टाचं. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत आणि जी जमीन कुठल्याच शहराच्या हद्दीत येत नाही, तिथले बांधकाम परवाने काउंटी देते. आठ वर्षं मी मतदान करते आहे. माझ्या मतपत्रिकेवर काउंटीचा सुपरवायझर (काउंटीच्या कारभारासाठी निवडून द्यायचा प्रतिनिधी) असतो, नगरसेवक कधीच नसतो, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग काउंटीला अर्ज केला. इथला सार्वजनिक अभिलेखांचा, म्हणजे सरकारी कागद मागण्याचा, कायदा 1968 चा आहे, रोनाल्ड रेगन राज्यपाल असतानाचा. अर्जाचा ठरावीक नमुना नाही, कारण सांगावं लागत नाही, फीही नाही. कागद देणार की नाही हे त्यांनी 10 दिवसांत कळवायचं. मी कुठूनसा मसुदा उचलला आणि त्यातलं जुनं कलम 6250 तसंच ठेवलं (2023 पासून तो कायदा 7920 च्या पुढे नव्या क्रमांकांनी मांडला आहे). खाली दोन प्रश्न लिहिले: आमचे सेप्टिकचे पाइप नेमके कुठे आहेत? मागची जास्तीची खोली कायदेशीर आहे का? दहाव्या दिवशी दोन ओळींची ईमेल आली: मागणीशी जुळणारा कोणताही अभिलेख आढळला नाही.

माझे सासरे, अण्णा, साताऱ्याकडे महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी रडगाणं सुरू केलं, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"अगं, तू त्यांना प्रश्न विचारलेस. दप्तर कधी उत्तर देतं का? दप्तरात कागद असतो. कागद माग."

"पण कुठला कागद आहे हेच मला माहीत नाही ना!"

"ते नंतर बघू. जमिनीचा नंबर कुठला दिलास?"

"आत्ताचा. टॅक्सच्या बिलावर आहे तो."

"घर कधीचं?"

"1964 चं."

"मग तेव्हाही हाच नंबर होता कशावरून?"

पुढची दहा मिनिटं मी 1947 च्या एकत्रीकरणाच्या कायद्यावर ऐकलं. गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. लोक आजचा गट नंबर घेऊन जुना उतारा मागायला येत आणि मिळाला नाही की कारकुनाला शिव्या घालत. "जुना नंबर शोध," अण्णा म्हणाले, "नाहीतर जुन्या मालकाचं नाव."

इथे प्रत्येक जमिनीला असेसरचा, म्हणजे घर-जमिनीचं करासाठी मूल्यांकन करणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याचा, पार्सल नंबर असतो. जमिनीचे तुकडे पडले किंवा दोन तुकडे एक झाले, की जुना नंबर रद्द होऊन नवे पडतात. असेसरच्या कार्यालयात ओळखपत्र दाखवल्यावर तिथल्या तरुण कारकुनाने जुन्या नकाशाचं पान काढलं. आमची जमीन आणि शेजारची पूर्वी एकच होती, आणि त्या मोठ्या तुकड्याचा नंबर पार निराळा. आमच्या घराचं मूल्यांकनाचं कार्डही त्याने दाखवलं. ते कार्ड परक्याला बघता येत नाही, मालकाला येतं. त्यावर हाताने लिहिलेलं होतं: मागे खोली वाढवली, 1971. इथे नवं बांधकाम झालं की कर आकारणीत त्याची भर पडते, त्यामुळे इतर कुणाचं लक्ष नसलं तरी असेसरचं असतं. तेवढ्या बाबतीत आपली ग्रामपंचायत आणि ही काउंटी सख्ख्या बहिणी.

जुन्या मालकाच्या नावासाठी काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे खरेदीखतं नोंदवतात त्या कार्यालयात, गेले. तिथली सूची पत्त्यावरून लागत नाही, माणसांच्या नावावरून लागते: देणारा आणि घेणारा. म्हणजे आपल्या खरेदीखतापासून मागे मागे जायचं. आम्हाला विकणाऱ्याने कुणाकडून घेतलं, त्याने कुणाकडून. फेरफार बघतात तसंच. अलीकडची नावं संगणकावर पटापट मिळाली, मग मायक्रोफिल्म. त्या यंत्राचं चाक फिरवून फिरवून मान धरली. बघायला पैसे नाहीत, प्रत हवी तर पानामागे पैसे. चौथ्या खतावर ते जोडपं सापडलं, ज्यांनी हे घर बांधलं. त्यांच्या पत्त्यात रस्त्याचं नावच नव्हतं. नुसतं "रूट 2" आणि एक बॉक्स नंबर, टपालवाल्याच्या फेरीचा. आजच्या पत्त्यावर काही न सापडण्यात नवल नव्हतं.

दुसरा अर्ज मी अण्णांना मराठीत वाचून दाखवला आणि मगच पाठवला. त्यात एकही प्रश्न नव्हता. सध्याचा पार्सल नंबर, रद्द झालेला नंबर, मूळ मालकांची नावं, जुना बॉक्स नंबर आणि 1963 ते 1975 हा काळ दिला. पर्यावरण आरोग्य विभागाकडून सेप्टिकचा परवाना, पाणी जिरण्याच्या चाचणीची नोंद, काम झाल्यावर काढलेलं रेखाटन आणि तपासणीची टिपणं मागितली. बांधकाम विभागाकडून 1971 च्या खोलीचं परवाना कार्ड आणि नकाशे.

या वेळी दहाव्या दिवशी मुदतवाढ आली, 14 दिवसांची. जुनी दप्तरं दुसऱ्या गोदामात असली तर तेवढी मुदत त्यांना कायद्याने घेता येते. मी चिडले. आपल्याकडे माहिती अधिकारात 30 दिवस लागतात, पण उत्तर पटलं नाही तर अपील करायला वरचा अधिकारी असतो, पुढे आयोग असतो. इथे थेट कोर्टाची पायरी. अण्णा शांतपणे म्हणाले, "गोदाम म्हणालेत ना? म्हणजे कागद आहे."

होता. बांधकाम विभागात 1971 च्या खोलीचा परवाना निघाला, शेवटच्या तपासणीच्या सहीसकट. नकाशाचं मात्र वेगळंच शास्त्र. तो तिथेच बसून बघायचा. प्रत हवी तर मालकाची लेखी परवानगी आणि ज्या आर्किटेक्टने सही केली असेल त्याचीही. पन्नास वर्षांपूर्वीच्या आर्किटेक्टला कुठून आणायचं? सुदैवाने खोली वाढवणाऱ्या तेव्हाच्या मालकाने नकाशा स्वतःच काढला होता. शिक्का नाही, सही त्याची एकट्याची. मग माझी एकटीची परवानगी पुरली.

सेप्टिकचा कागद ईमेलने आला, फुकट. पेन्सिलने काढलेलं अर्ध्या पानाचं रेखाटन, उत्तर दिशा खालच्या बाजूला. टाकीचं अंतर घराच्या कोपऱ्यापासून 22 फूट. पाइपांच्या तीन रांगा, आणि त्यांचं मोजमाप एका ओक झाडापासून.

ओक आता नाही. नवऱ्याने गवतात चाचपडून बुंधा शोधला आणि टेप धरला. मी एका हातात कागद उलटा धरून उभी, दुसऱ्या हातात फोन, फोनमध्ये अण्णा.

"खुणेचं झाड कुणी तोडलं?" त्यांनी विचारलं. कारकुनाचाच आवाज.

पाइपांच्या तिन्ही रांगा, जिथे सासू-सासऱ्यांच्या खोल्या बांधायच्या होत्या, बरोबर त्याच जागेखालून गेल्या होत्या. आता खोल्या दुसऱ्या बाजूला होतील, लिंबाच्या झाडाशेजारी. तिकडे सकाळचं ऊन नसतं. अण्णांना ते अजून सांगितलेलं नाही.