वरून ओलं, खालून कोरडं

आज सकाळी साडेपाचला परसातल्या झाडाईले पाणी देत होतो, तर मागून माय म्हणे, बाबू, तू पाणी नाई देत, नुसतं शिंपडून राह्यला. मी म्हटलं रोज तर देतो. तिनं खुरपं घेतलं अन् लिंबाच्या कलमाजवळ चार बोटं उकरून दाखवलं, वर काळीशार ओल अन् खाली कोरडी ढेकळं. लय वाईट वाटलं राजेहो.

मुळं ओलीच्या मागं जातात, ओल वरच राह्यली तर मुळंबी वरच राह्यतात, मग मे महिन्यात पारा ४५ ला गेला की वरची माती तव्यासारखी तापते अन् झाड दुपारी मान टाकते.

मग पाइपची धार पेन्सिलीएवढी बारीक केली, आळं बुडापासून वीतभर दूर केलं (संत्र्याले दुहेरी आळं करतो तसंच, आतलं बुडाभोवती कोरडं अन् बाहेरचं पाण्याचं; बुडाशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागतो) अन् अर्धा तास त्या एका झाडाजवळ बसून राह्यलो. आपली काळी माती हळूहळूच पाणी पिते, कोरडी असताना जोरात सोडलं तर भेगेतून कुठच्या कुठं जाते. नंतर सळई रोवली तर वीतभर सहज आत गेली, एवढा आनंद झाला काय सांगू!

आता रोज थोडं थोडं बंद, चार-पाच दिवसांनी पण पोटभर. वरून तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरवलं. उद्या मोगऱ्याजवळ जुनं मडकं गाडून पाण्यानं भरतो, झिरपत राहीन रातभर.